सातव्या ग्रीनवरचं पांघरूण

गवत राखायला अमेरिकेत गेलाय, असं आमच्या गावी माझ्याबद्दल आजही सांगतात, आणि सांगणारा हमखास हसतो. त्यात खोटं काही नाही. राहुरीला शेतकीची पदवी घेतली, इथे येऊन गवतावर मास्टर्स केलं, आणि गेली अकरा वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीजवळच्या एका जुन्या गोल्फ क्लबचं मैदान सांभाळतो आहे. वडील एकदा आले होते. सकाळी सहाला मला जमिनीला नाक लावून गवत बघताना पाहून त्यांनी विचारलं, "हे गुरं खातात का रे?" नाही म्हटल्यावर पुढचे तीन आठवडे त्यांनी माझ्या नोकरीचा विषय काढला नाही.

आता पुन्हा नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आलाय. आज सकाळी शेडमधून पांघरुणं बाहेर काढली, झटकली, कुठे भोकं पडलीत का ते पाहिलं. तीन पांघरुणं आहेत. त्यातली दोन घालून झाली. तिसरं अजून ट्रॉलीवर तसंच पडून आहे आणि ते घालायचं की नाही हे मला ठरवता येत नाही. म्हणून हे सगळं सांगायला बसलोय.

पांघरुणं कशाची, ते आधी सांगतो. गोल्फच्या मैदानात जिथे झेंडा आणि भोक असतं, तो गुळगुळीत गोल तुकडा म्हणजे ग्रीन. तिथलं गवत जेमतेम तीन मिलिमीटर ठेवायचं असतं. लोकांना वाटतं, हिवाळ्यात ते थंडीने मरतं. थंडीने काही होत नाही, ते झोपतं. पण झोपलेल्यालाही श्वास लागतो. जानेवारीत मध्येच पाऊस पडतो, रात्रीत गोठतो आणि ग्रीनवर काचेसारखा बर्फाचा थर बसतो. खालची हवा संपत जाते. दीड महिना तसं राहिलं तर गवत गुदमरतं. मार्चमध्ये तो थर फोडला की नासलेल्या दुधासारखा आंबूस वास येतो, आणि मग माझ्या धंद्यातल्या माणसाला कळतं की आता नवी नोकरी शोधायची.

आमची तीन ग्रीन्स सखल जागी, झाडांच्या सावलीत आहेत. तिसरं, सातवं आणि पंधरावं. थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला त्यांच्यावर आम्ही जाड, पाणी न झिरपणारं कव्हर घालतो. कडेने वीतभर लांब लोखंडी पिना ठोकतो, वर वाळूच्या पिशव्या ठेवतो. खाली भोकं पाडलेले पाइप अंथरलेले असतात, त्यांची तोंडं कडेला बाहेर. आठवड्यातून दोनदा त्या तोंडाला ब्लोअर लावून आत ताजी हवा सोडायची, आणि छोट्या मीटरने आतला ऑक्सिजन मोजायचा. मी घरी याला पांघरूण घालणं म्हणतो, आणि माझी बायको अंतरा म्हणते की एवढ्या मायेने तू मला कधी पांघरूण घातलं नाहीस.

हे झालं गेल्या हिवाळ्यात. कव्हर घालायच्या आदल्या दिवशी चंद्रशेखरकाका शेडवर आले.

काका म्हणजे आमच्या क्लबचे पहिले भारतीय मेंबर. वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं वूस्टरला भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेलं. मी इथे नवा, एकटा होतो तेव्हा उत्तराकाकू दर शुक्रवारी माझ्यासाठी क्लबवर डबा घेऊन यायच्या. स्वतः खेळायच्याही. १९९८ साली सातव्या ग्रीनवर त्यांचा बॉल एका फटक्यात भोकात गेला होता. तो बॉल त्यांनी देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवला होता आणि रोज त्यालाही अष्टगंध लावायच्या. ऑक्टोबरमध्ये काकू गेल्या.

काकांच्या हातात स्टीलची छोटी डबी होती. फराळाला चटणी देतात, तेवढी.

"शैलेंद्र, एक काम होतं. तू नाही म्हणू शकतोस," काका म्हणाले.

असं म्हटल्यावर नाही म्हणायची सोय आपल्यात कुठे असते?

"बोला ना काका."

"उत्तराचं थोडंसं मी मागे ठेवलंय. बाकी निहारने नाशिकला नेलं, सगळं व्यवस्थित केलं पोराने. पण हे... हे सातव्यावर ठेवावंसं वाटतंय. तिला आवडलं असतं."

असे लोक दर वर्षी येतात. राखेने गवत जळतं, म्हणून कुठल्याही क्लबचा नियम एकच. माझ्या जागी दुसरा कोणीही असता तर त्याने टोपी काढून हात हातात घेतला असता आणि अतिशय नम्रपणे 'नो सर' म्हटलं असतं. मी म्हणालो, "बघतो काका." आणि तेवढ्यावर न थांबता लगेच त्यांच्याबरोबर गेलोही. हिवाळ्यापूर्वी भोकातला प्लास्टिकचा कप काढून घेतात आणि भोक बुजवतात. कप काढला, काकांनी गुडघ्यावर बसून डबी रिकामी केली, मी वरून वाळू भरली आणि गवताचा गोल तुकडा बसवला. दुसऱ्या दिवशी तिन्ही ग्रीन्सवर पांघरुणं पडली. सातव्याच्या पिना मी स्वतः ठोकल्या.

डिसेंबर सरळ गेला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पडून गोठला आणि लगेच वर हातभर बर्फ पडला. मग आठ दिवस अशी थंडी पडली की सगळं जिथल्या तिथे थिजलं. माझा मेकॅनिक फ्लोरिडाला गेला होता, म्हणून हवा सोडायला मी एकटाच निघालो. दुपारचे साडेतीन वाजले होते. इथे त्या दिवसांत साडेचारला अंधारून येतं, त्यामुळे ऊन आधीच झाडांच्या शेंड्यावर गेलेलं. वारा अजिबात नव्हता. पाइनच्या फांद्यांवरचा बर्फसुद्धा हलत नव्हता.

तिसरं ग्रीन आटोपून सातव्यावर आलो. ब्लोअर लावण्यापूर्वी मीटर धरायला म्हणून गुडघे टेकून पाइपाच्या तोंडाशी वाकलो. गालाला हवा लागली.

उबदार हवा.

मी तसाच थांबलो. हवा आत ओढली गेली. मग पुन्हा बाहेर आली, अगदी सावकाश. पुन्हा आत. अशी तीनदा आली आणि थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं, संपलं. मग परत सुरू झाली. तीन, आणि थांबणं. तीन, आणि थांबणं. आंबूस वास नव्हता, कसलाच वास नव्हता. फक्त पाइपाच्या कडेवर दवाचे बारीक थेंब धरले होते आणि थंडीत ते लगेच गोठत होते.

कव्हर वाऱ्याने फडफडलं की पाइपातून हवा आत-बाहेर होते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी मान वर करून कव्हरकडे पाहिलं. त्यावर हातभर बर्फ होता, खाली गोठलेल्या पाण्याचा थर, आणि ते हलणं शक्यच नव्हतं. मी घाईने ब्लोअर सुरू केला. त्याच्या आवाजात सगळं बुडून गेलं तेव्हा बरं वाटलं. पंधराव्या ग्रीनवर गेल्यावर तर मी पाइपाजवळ तोंडही नेलं नाही, सरळ ब्लोअर लावला आणि वीस मिनिटं झाडांकडे बघत उभा राहिलो.

मी घाबरट नाही. पण घरी पोचल्यावर अंतराने "एवढा का गप्प?" विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणालो.

त्या रविवारी आम्ही काकांकडे चहाला गेलो. एकटा माणूस, म्हणून महिन्यातून दोनदा जायचोच. बोलता बोलता काकांनी विचारलं, "सातवं कसं आहे आपलं?"

आणि मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. हसण्यावारी न्यायचं म्हणून मी म्हणालो, "मस्त श्वास घेतंय, काका. रिदमसुद्धा आहे त्याला." आणि टेबलावर बोटाने वाजवून दाखवलं. टक, टक, टक. मग थांबलो. टक, टक, टक.

काकांनी कप खाली ठेवला.

"परत दाखव."

मी दाखवलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मिनिटाला किती?"

"मोजले नाहीत, काका. अहो, वाऱ्याने..."

"चौदा असतील," ते म्हणाले. "तिसऱ्यानंतर पॉझ. सत्तेचाळीस वर्षं मी तो पॉझ ऐकला, शैलेंद्र. भूल देणाऱ्याला झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकायची सवयच असते, घरी आलो तरी सुटत नाही. लग्नानंतर पहिल्या रात्री मी उठून बसलो होतो, हिला काही होतंय का म्हणून. काही नव्हतं. तिची पद्धतच तशी."

मग त्यांनी आपणहून सांगितलं, जे इतके महिने कोणाला सांगितलं नव्हतं. स्ट्रोकनंतर काकू नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. मुलगा निहार सिअ‍ॅटलहून आला होता, पण त्याने एवढंच म्हटलं, "डॅड, इट्स युअर कॉल."

"हजारो लोकांना झोपवलं मी," काका म्हणाले, "आणि प्रत्येकाला परत उठवलं. हिच्या वेळी मशीन बंद करा, असं मी सांगितलं. मीच. नंतर ती चाळीस मिनिटं स्वतःचा श्वास घेत होती. मी मोजत होतो. शेवटी तीन झाले, मग पॉझ... आणि मी वाट बघत राहिलो." ते थांबले. "आयुष्यात एकदाच बंद करा म्हणायचं होतं, ते तिच्याबाबतीत म्हटलं."

अंतराचे डोळे भरून आले होते. माझ्या मनात मात्र त्या क्षणी एकच विचार होता, की मी टेबलावर बोट वाजवायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून काका सातव्यावर येऊन बसायला लागले. घडीची खुर्ची, दोन स्वेटर, वर कोट, कानटोपी, थर्मास. उणे दहात हा म्हातारा पाइपाच्या तोंडाशी हातमोजा काढून तळवा धरून बसायचा. मी ओरडायचो, ते हो हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. हळूहळू त्यांना खोकला लागला. बोटांची टोकं निळी-जांभळी पडली.

एके दिवशी मी ब्लोअर घेऊन गेलो तर ते आडवे आले.

"नको लावूस. त्यानंतर तिचा श्वास बिघडतो. तासभर लागतो लाइनीवर यायला."

"काका, हवा सोडली नाही तर ग्रीन मरेल."

"दोन आठवडे. फक्त दोन आठवडे, शैलेंद्र. प्लीज."

मी दुसऱ्यांदा 'बघतो काका' म्हणालो. हा माझा दोष, आणि तो मी कोणावर ढकलत नाही. शुक्रवारच्या डब्यांची आठवण होती, काकांचा चेहरा समोर होता, आणि खरं सांगायचं तर त्या पाइपाला हात लावायची मलाच हिंमत नव्हती. तिसऱ्या आणि पंधराव्यावर मी नेमाने हवा सोडत राहिलो. सातवं बंद राहिलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही दर वर्षी एक तपासणी करतो. ड्रिलला गोल करवत लावून गोठलेल्या ग्रीनमधून मुठीएवढा तुकडा काढायचा, घरी आणायचा आणि उन्हाच्या खिडकीत ठेवायचा. पंधरा-वीस दिवसांत हिरवा फुटला तर ग्रीन जिवंत आहे. मी दह्याच्या रिकाम्या डब्यांत ते तुकडे ठेवतो, वर ओल टिकायला काचेची बशी. पांघरुणाची कड उचलून तिन्ही ग्रीन्सचे तुकडे काढले, डब्यांवर मार्करने ३, ७, १५ लिहिलं आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीत ओळीने ठेवले. अंतराने दर वर्षीप्रमाणे नाक मुरडलं.

त्या सुमाराला सातव्याच्या मीटरवर आकडा उतरायला लागला होता. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो. सातव्याखाली आधी सोळा झाला, मग बारा, मग नऊ. मी तो काकांना सांगत नव्हतो. पण पस्तीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसापासून आकडा किती दिवस लपवणार?

मार्चच्या पहिल्या बुधवारी सकाळी आठच्या आधीच त्यांचा फोन आला. "लवकर ये."

मी पोचलो तेव्हा ते खुर्चीवर नव्हते. बर्फात गुडघ्यावर बसून पाइपाला कान लावला होता. मला बघून त्यांनी हात केला आणि मीटर मागितलं. आकडा पाच होता. मीही वाकलो. आता आंबूस वास येत होता. आणि हवा गालाला लागत होती ती अर्धवट, तुटक, घाईघाईची. तीन आणि थांबणं कुठेच नव्हतं.

"चौतीस," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता, डॉक्टरांचा असतो तसा. "कालपासून. तिला हवा कमी पडतेय."

"काका, मी ब्लोअर लावतो. लगेच लावतो."

"आणि मग? परत दोन आठवडे?" त्यांनी मान हलवली. "आपल्यात अस्थी घरातसुद्धा आणत नाहीत, शैलेंद्र. झाडाला टांगून ठेवतात, पाण्यात सोडेपर्यंत. माझी आई सांगायची, का तर वाट मोकळी राहावी. आणि मी काय केलं? खड्ड्यात ठेवलं, वर पांघरूण घातलं, खिळे मारले. आणि इथे रोज येऊन बसलो, की बरं झालं, आहे अजून."

मी वाट बघत उभा राहिलो. पहार माझ्या हातात होती. मी आपणहून काढायला सुरुवात केली असती तर त्यांना ते 'बंद करा' पुन्हा म्हणावं लागलं नसतं, हे मला कळत होतं. पण ते माझं नव्हतं, त्यांचं होतं. काका पाइपाच्या तोंडाशी आणखी वाकले आणि फार हळू काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "काढ."

मी पिना उपटल्या. बर्फाचा थर पहारीने फोडला, तुकडे बाजूला केले. अर्धा तास लागला, हाताला फोड आले. काकांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि कव्हर उचकटून मागे ओढलं. खालून आंबूस वासाचा लोट आला, मग तो विरला. काकांनी हात पाइपावर ठेवला होता. मीही ठेवला. एक. दोन. तीन. नेहमीच्या लयीत, सावकाश, घाई कुठल्या कुठे गेलेली.

मग थांबणं.

आम्ही दोघं वाट बघत राहिलो. पाइनवरून बर्फाचं एक ढेकूळ खाली पडलं. काकांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं.

"आठ पन्नास," ते म्हणाले, आणि तिथेच बर्फात बसून रडले.

एप्रिलमध्ये जमीन सैल झाल्यावर मी ते भोक उकरलं आणि तळातली वाळू त्याच स्टीलच्या डबीत भरली. एका रविवारी आम्ही तिघं ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर गेलो. काका चपला काढून त्या बर्फगार पाण्यात पोटरीपर्यंत शिरले आणि डबी उलटी केली. परत येताना गाडीत ते झोपले. सबंध हिवाळ्यात मी त्यांना इतकं शांत पाहिलं नव्हतं. सातव्याचं म्हणाल तर अर्धं ग्रीन मेलं होतं, कमिटीपुढे मी मान खाली घालून उभा राहिलो आणि नव्या गवताचे तुकडे आणून बसवले. त्याचं मला काही वाटलं नाही.

किनाऱ्यावरून येताना काकांना आम्ही घरी आणलं. अंतराने चहा टाकला. काका स्वयंपाकघरात खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिन्ही डबे तिथेच होते. इतक्या गडबडीत ते टाकायचे राहूनच गेले होते.

"हे सातवं?" त्यांनी विचारलं. जरा घाबरतच वाकले. डब्यातलं गवत वाळून तपकिरी झालं होतं आणि वरची बशी कोरडी, लख्ख होती. त्यांनी ती उचलून बघितली आणि परत ठेवली. "सुटली," ते म्हणाले. मला हुंदका आला आणि तो मी आवरला नाही.

तीन लिहिलेल्या डब्यात हिरवं फुटलं होतं. बशीला आतून पाण्याचे चार थेंब होते, ते जिथल्या तिथे.

काकांची नजर पुढे सरकली आणि थांबली.

"शैलेंद्र, हे कुठलं?"

"पंधरावं."

पंधरा लिहिलेल्या डब्यावरच्या बशीवर आतून वाफ धरली. मग काच स्वच्छ झाली. मग पुन्हा धरली. काका खुर्ची ओढून बसले आणि घड्याळ काढून समोर ठेवलं. एक मिनिट मोजायला एवढा वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"सव्वीस," ते म्हणाले. "एकदम रेग्युलर. त्रास काही नाही. झोपलंय."

"सव्वीस म्हणजे... दमल्यासारखं का?"

"नाही. मोठ्या माणसाचा असता तर दमल्यासारखा म्हटलं असतं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "हा लहान मुलाचा रेट आहे. दोन वर्षांचं. फार तर तीन."

अंतरा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने तो ओट्यावर इतका अलगद ठेवला की कपही वाजले नाहीत.

"कोणाचं आहे?" काकांनी विचारलं.

"मला माहीत नाही, काका. पंधराव्यासाठी मला कोणी काही विचारलं नव्हतं."

"कोणीतरी ठेवलं असणार. न विचारता."

"मग आता काय करायचं? तुम्हीच सांगा. समुद्रात..."

"मी कसा सांगू?" काका म्हणाले. "सांगायला त्याचं माणूस पाहिजे. आई पाहिजे, बाप पाहिजे. शोध."

मी शोधलं. जुन्या मेंबरांना आडून आडून विचारलं, ऑफिसातल्या फायली चाळल्या, वीस वर्षांपूर्वी माझ्या जागी असलेल्या सुपरिंटेंडेंटला फोन केला. पंधराव्याच्या भोकाची जागा रोज बदलते. गेल्या ऐंशी वर्षांत त्या ग्रीनच्या कुठल्या कोपऱ्यात, कोणी, काय ठेवलं, कोण सांगणार? उन्हाळाभर लोक तिथे खेळले. मी रोज पहाटे तिथलं गवत कापलं आणि दर वेळी मशीन बंद करून क्षणभर उभा राहिलो. उघड्या हवेत काही ऐकू येत नाही.

डब्यावरची बशी मी एप्रिलमध्येच काढून ठेवली होती. डबा टाकवला नाही. अंतरा दोन दिवसांनी त्याला चमच्याने पाणी घालते, आणि स्वयंपाकघरात मिक्सर लावायच्या आधी तो दिवाणखान्यात नेऊन ठेवते. या विषयावर आम्ही बोलत नाही.

शुक्रवारी पाऊस येऊन गोठणार आहे. पंधराव्यावर पांघरूण घातलं नाही तर वर बर्फाचा थर बसेल आणि खालचं सगळं गुदमरेल. घातलं तर मला हिवाळाभर त्या पाइपाशी वाकावं लागेल. आज दुपारी घरी आलो आणि सात महिन्यांनी ती बशी डब्यावर ठेवून पाहिली. मनात आलं, कदाचित थांबलंही असेल, आपण उगाच घोळ घालतोय. काच थोडा वेळ स्वच्छ राहिली. मग वाफ धरली. मी घड्याळ लावून मोजलं, चुकलं असेल म्हणून दोनदा मोजलं, आणि काकांना फोन केला.

"काका, आज तेवीस आहेत. एप्रिलमध्ये सव्वीस होते. काही बिघडलंय का?"

फोनमधून काकांकडच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"नाही, बिघडलेलं नाही," ते म्हणाले. "वय वाढलं की रेट कमी होतो, शैलेंद्र. ते मोठं होतंय."